तिसरा धागा बसतो कुठं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात डीएनए टेस्टबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की लॅबमध्ये बनवलेल्या डीएनएत कधीकधी दोनाऐवजी तीन धागे एकत्र येतात आणि डीएनएच्या चार अक्षरांच्या (म्हणजे बेसच्या) पुस्तकातल्या ए-टी, जी-सी सोडून वेगळ्या जोड्या पण जमतात. त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. पत्रं बहुतेक सांगली-साताऱ्याकडचीच आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव तेवढं देते.

मॅडम, आमची थॉमसनची बाग हाय. पोरगं बारावीला हाय, ते म्हणतंय बिनबियांच्या द्राक्षात डीएनए तीन पदरी असतो म्हणून बी धरत न्हाई. खरं हाय का? आणि आपण जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग करतो, घड त्यात बुडवतो, त्यानं तो तिसरा पदर येतो का?
(द्राक्ष बागायतदार, तासगाव)

नाही दादा, दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात, आणि ही गल्लत लई जणांची होते म्हणून हाच प्रश्न सगळ्यात आधी घेतला. झाडाच्या पेशीत क्रोमोसोमचे संच असतात. बहुतेक झाडांत दोन संच, एक आईकडून एक बापाकडून. काही झाडांत तीन असतात, आपली बाजारातली मोठी कॅव्हेंडिश केळी तशी आहेत, ११ चे तीन संच म्हणजे ३३ क्रोमोसोम, आणि म्हणूनच त्यांच्यात बी धरत नाही. पण त्या ३३ मधला प्रत्येक क्रोमोसोम आतून दोन धाग्यांचाच असतो. संच तीन झाले म्हणून धागे तीन होत नाहीत.

आणि थॉमसन तर त्या तीन संचांतली पण नाही. तिचे क्रोमोसोम ३८, म्हणजे १९ चे दोन संच, अगदी बियांच्या द्राक्षासारखेच. तिच्यात बी धरायला सुरुवात होते पण लहान असतानाच त्याची वाढ थांबते, मणी चिरून नीट बघितला तर आत तो इवलासा कण कधीकधी दिसतो. जीए हे वाढीचं संप्रेरक आहे, त्यानं मणी लांबतो आणि फुगतो, डीएनएच्या धाग्यांना ते हात लावत नाही. शेजारच्या वाळव्याकडचा ऊस बघायचा तर त्याच्या एका पेशीत शंभर ते एकशेतीसच्या घरात क्रोमोसोम असतात, तिथंही प्रत्येक जण दोन धाग्यांचा. माणसात २१ नंबरच्या क्रोमोसोमच्या तीन प्रती झाल्या की डाउन सिंड्रोम होतो, त्याचाही या तिसऱ्या धाग्याशी काही संबंध नाही. पोराला सांगा, प्रश्न चांगला काढलास, फक्त संच वेगळे आणि धागे वेगळे.

पुस्तकात ए समोर टी आणि जी समोर सी एवढंच दिलंय. मग तिसरा धागा आला तर तो कुणाशी जोडी लावणार? सगळ्यांचे बॉण्ड तर आधीच लागलेत ना? सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेला येत नाही.
(बारावी सायन्सची विद्यार्थिनी, सातारा)

परीक्षेला येत नसेल पण तुझा प्रश्न एकदम नेमका आहे. डीएनएची रचना शोधताना तीन धाग्यांचा विचार आधी झाला होता हे तुला माहीत असायला हवं. १९५१ च्या शेवटी वॉटसन आणि क्रिकनी पहिलं मॉडेल बांधलं ते तीन धाग्यांचं, रोझालिंड फ्रँकलिननी येऊन बघितलं आणि यात पाण्याचा हिशोबच बसत नाही हे तिथल्या तिथं दाखवून दिलं. मग फेब्रुवारी १९५३ मध्ये लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरीनी छापलं, तेही तीन धाग्यांचं, फॉस्फेट सगळे आत मधोमध आणि बेस बाहेर तोंड करून. फॉस्फेटवर ऋण भार असतो, तीन धाग्यांचे फॉस्फेट मधे कोंबले तर ते एकमेकांना ढकलणारच, त्यामुळं ती रचना टिकली नाही. २५ एप्रिल १९५३ ला वॉटसन-क्रिकचा दोन धाग्यांचा पेपर आला आणि तोच आज तू शिकतेस.

पण चारच वर्षांत, १९५७ ला, अमेरिकेत बेथेस्डाच्या सरकारी प्रयोगशाळेत गॅरी फेल्सेनफेल्ड, डेव्हिड डेव्हिस आणि अलेक्झांडर रिच या तिघांना खरोखरचा तीन धाग्यांचा रेणू मिळाला, आणि तो पॉलिंगच्या रचनेसारखा अजिबात नव्हता. त्यांनी घेतले होते हातानं बनवलेले आरएनएचे धागे, एकात फक्त ए, दुसऱ्यात फक्त यू (आरएनएत टीच्या जागी यू असतो हे तुला येतंच). दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचे आणि अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते बघायचं, कारण धागे जोडीनं बसले की बेस एकमेकांवर रचले जातात आणि शोषण कमी होतं. निम्मे ए निम्मे यू असताना शोषण सगळ्यात कमी आलं, म्हणजे दोन धागे, अपेक्षेप्रमाणं. मग त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराईड घातलं आणि तो सगळ्यात खालचा बिंदू सरकून एका एला दोन यू या प्रमाणावर गेला. म्हणजे प्रत्येक ए दोन यूंना धरून बसला होता. मॅग्नेशियमच्या धन भारानं फॉस्फेटचं आपसातलं ढकलणं आवरलं आणि तिसऱ्याला जागा झाली. नळीत मीठ कुठलं आणि किती यावर धागे दोन की तीन हे ठरलं, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते, पुढच्या उत्तरांत ती परत परत येईल.

आता तुझा मूळ प्रश्न, बॉण्ड लागतो कुठं. वही घे आणि ए चा रेणू काढ, एक सहा कोनांची रिंग आणि तिला चिकटलेली पाच कोनांची. टीशी नेहमीची जोडी लागते ती सहाच्या रिंगच्या बाजूनं, १ नंबरचा नायट्रोजन आणि ६ नंबरवरचा अमिनो गट, असे दोन हायड्रोजन बॉण्ड. त्या अमिनो गटावर हायड्रोजन दोन असतात बघ. एक टीकडं गेला, दुसरा रिकामाच आहे. आणि पाचाच्या रिंगवर ७ नंबरचा नायट्रोजन आहे, तोही रिकामा, तोंड करून आहे डीएनएच्या मोठ्या खाचेकडं (पिळामुळं बाहेरून दोन खाचा पडतात, त्यातली मोठी). या दोन रिकाम्या जागांवर आणखी एक टी येऊन बसू शकतो. एसटीच्या दोनच्या सीटवर दोघं बसलेले असताना तिसरा कडेला टेकतो आणि आधीच्या कुणाला उठावं लागत नाही, तसं हे आहे. पहिली जोडी जशीच्या तशी राहते.

या कडेच्या जोडीला हूगस्टीन जोडी म्हणतात. कार्स्ट हूगस्टीननी १९५९ ला ए आणि टी चे छोटे रेणू एकत्र क्रिस्टल करून बघितले तर त्यात वॉटसन-क्रिकची जोडी नव्हतीच, टी जाऊन ७ नंबरच्या बाजूला बसलेला होता. पाठीचा कणा म्हणजे साखर-फॉस्फेटची साखळी नसली की मोकळे बेस हे असंही बसतात.

एक अट मात्र आहे. ७ नंबरचा तो नायट्रोजन फक्त ए आणि जी मध्ये असतो, टी आणि सी ला पाचाची रिंगच नाही. म्हणून तिसरा धागा नीट बसायचा तर मूळच्या दोन धाग्यांपैकी एकावर सलग ए आणि जी च पाहिजेत, पंधरा-वीस तरी. मधे एखादा टी किंवा सी आला की तिथं धरायला जागा नाही आणि तिसरा धागा तेवढ्यात ढिला पडतो. तिसरा धागा कुठल्याही क्रमावर बसवायचा म्हटलं तर जमत नाही ते यामुळं.

हे सगळं काचेच्या नळीतलं वाटतं. जिवंत पेशीत निसर्गानं असं कुठं केलेलं आहे काय?
(निवृत्त शिक्षक, विटा)

केलंय गुरुजी, आणि काही ठिकाणी तर त्याच्याशिवाय आपलं चालत नाही. सगळ्यात रोजचं उदाहरण प्रथिनं बनवतानाचं. अमिनो आम्लासाठी ६१ कोडॉन (तीन अक्षरी शब्द) आहेत पण ते वाचणारे टीआरएनए तितक्या प्रकारचे नसतात, कारण कोडॉनच्या तिसऱ्या अक्षराला जोडी थोडी सैल चालते. तिथं जी समोर यू बसतो, आणि इनोसिन नावाचा पाचवा बेस असेल तर तो यू, सी आणि ए अशा तिघांशी जमवून घेतो. फ्रान्सिस क्रिकनी १९६६ ला ही सैल जोडीची कल्पना मांडली. म्हणजे ज्यांच्या नावानं पक्की जोडी ओळखली जाते त्यांनीच सैल जोडीही सांगितली.

दुसरं, आपल्या साध्या दोन धाग्यांच्या डीएनएत सुद्धा जोड्या अधूनमधून क्षणभर हूगस्टीन पद्धतीनं उलटतात. २०११ ला हाशिम अल-हाशिमींच्या गटानं एनएमआरनं (चुंबकीय क्षेत्रात रेणू बघायच्या पद्धतीनं) हे पकडलं. कुठल्याही क्षणी साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी जोडी त्या अवस्थेत असते, टिकते मिलिसेकंदाच्या आसपास आणि परत जागेवर. इतकी वर्षं हे दिसलं नाही कारण बघण्याची पद्धतच तेवढी बारीक नव्हती.

आता खरा तीन धाग्यांचा. डीएनएच्या एका पट्ट्यात सगळे ए-जी एका बाजूला असतील, पट्टा मधोमध आरशातल्यासारखा उलट येत असेल, आणि डीएनएला उलटा पीळ बसलेला असेल, तर निम्मा पट्टा उघडतो, त्यातला एक धागा मागं वळून उरलेल्या निम्म्याच्या खाचेत बसतो आणि दुसरा एकटाच मोकळा राहतो. याला एच-डीएनए म्हणतात. पंधरा सलग ए-जी एखाद्या ठिकाणी योगायोगानं येण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये एक, पण माणसाच्या जीनोममध्ये असे पट्टे योगायोगापेक्षा बरेच जास्त आहेत. आणि असे पट्टे डीएनए तुटण्याच्या जागा ठरू शकतात, म्हणून त्याकडं डॉक्टर लोकांचंही लक्ष आहे.

एका आजाराचं नाव सांगते, फ्रीड्रिक अटॅक्सिया. चालताना तोल जातो, बोलणं जड होतं, हृदयावर परिणाम होतो, बहुधा शाळकरी वयात सुरू होतं. १९९६ ला त्याचं कारण सापडलं. फ्रॅटॅक्सिन नावाच्या प्रथिनाच्या जीनमध्ये जीएए ही तीन अक्षरं परत परत येतात, निरोगी माणसात साधारण तेहतीसच्या आत, आजारात सहासष्टच्या वर आणि पुष्कळदा काहीशे. जी, ए, ए, सगळेच पाचाच्या रिंगवाले, त्यामुळं तिथं तिसरा धागा वळून बसायला आयती जागा मिळते, जीन वाचणारं यंत्र अडतं आणि फ्रॅटॅक्सिन कमी बनतं. तिसरा धागा हे एकच कारण नाही, त्या जागेचा डीएनए प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळून बंद पण होतो, पण मुळाशी ही जीएएची लांबी आहे. आई आणि बाबा दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. कुणाच्या घरात अशी शंका असेल तर रक्ताची जेनेटिक टेस्ट होते, न्यूरॉलॉजिस्टना विचारावं.

आणि आरएनएत तर तीन धागे उपयोगी पडतात. मॅलॅट-१ नावाच्या एका लांब आरएनएचं शेपूट तीन धाग्यांत गुंडाळलेलं असतं, यू-ए-यू असं एकावर एक, त्यामुळं ते कुरतडणाऱ्या एन्झाइमांना सहज मिळत नाही. १९५७ ला नळीत दिसलेली तीच यू-ए-यूची रचना, पन्नासएक वर्षांनी माणसाच्या पेशीत सापडली. मला हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता.

माझ्या मैत्रिणीनं एका ऑनलाइन कोर्सची लिंक पाठवलीय, "बारा स्ट्रँड डीएनए ॲक्टिव्हेशन". म्हणतात की आपले दहा धागे झोपलेत ते ध्यानानं जागे होतात, मुलांची बुद्धी वाढते. फी बरीच आहे. तुम्ही तीन धाग्यांचं लिहिलंत म्हणून वाटलं की असेलही.
(गृहिणी, विश्रामबाग, सांगली)

ताई, पैसे भरू नका. तीन धागे कसे बसतात ते वर लिहिलंय, जीला आणि एला दोन कडा आहेत म्हणून तिसरा बसतो, तोही ठराविक अक्षरांच्या पट्ट्यावर आणि ठराविक मिठात. बारा धाग्यांचा मानवी डीएनए कुठंही नाही, झोपलेला पण नाही. ध्यान करायचं तर जरूर करा, मन शांत होतं, पण त्यानं पेशीत धागे वाढत नाहीत आणि वाढले असते तर ते आजारपण ठरलं असतं. मैत्रिणीलाही हे पान दाखवा, तिनं भरले असतील तर परत मागा.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी १५ अक्षरांचा ऑलिगो (लॅबमध्ये बनवलेला डीएनएचा छोटा एकेरी धागा) मागवला, जीजीटीटीजीजीटीजीटीजीजीटीटीजीजी. नेटिव्ह जेलवर (वीज लावून तुकडे वेगळे करायची जेल, यात रेणूची घडी तशीच राहते) चालवला तर बँड १५ च्या मार्करच्या बराच पुढं गेला. गाइड म्हणतात कंपनीनं आखूड पाठवलाय, परत करू. आमच्या बफरमध्ये पोटॅशियम क्लोराईड आहे. परत करू का?
(एमएस्सीचा विद्यार्थी, कराड)

थांब, लगेच परत करू नको, मला तुझा ऑलिगो बरोबर वाटतोय. तू जो क्रम लिहिलास तो थ्रॉम्बिनला (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला) चिकटणारा प्रसिद्ध ॲप्टॅमर, म्हणजे ठराविक रेणूला धरणारा धागा, आहे, १९९२ ला निघालेला, आणि तो पोटॅशियम दिसलं की स्वतःभोवती गुंडाळतो. चार जी एका पातळीत चौकोन करून बसतात, प्रत्येक जी आपल्या नेहमीच्या कडेनं शेजाऱ्याची हूगस्टीन कड धरतो, असे दोन चौकोन एकावर एक आणि मधे पोटॅशियमचा आयन नेमका मावतो. याला जी-क्वाड्रुप्लेक्स म्हणतात. सरळ धाग्यापेक्षा हा गोळा आटोपशीर असतो म्हणून जेलमधून पटकन पुढं सरकतो. जी चा हा स्वभाव जुनाच आहे, ग्वानिलिक ॲसिडचं दाट द्रावण जेलसारखं थिजतं आणि त्यामागं हे चौकोन आहेत हे १९६२ ला गेलर्ट, लिप्सेट आणि डेव्हिसनी दाखवलं (हो, तेच १९५७ वाले डेव्हिस).

कंपनीवर संशय घ्यायच्या आधी हिशोब कर. ऑलिगो मशीनवर एकेक अक्षर जोडत बनवतात, ३ प्राइमच्या टोकाकडून ५ प्राइमकडं. एका जोडणीचं यश ९९ टक्के धरलं तर १५ अक्षरांसाठी १४ जोडण्या, म्हणजे ८७ टक्के माल पूर्ण लांबीचा. उरलेले आखूड तुकडे वेगवेगळ्या लांबीचे असतात, ते फिकट पायऱ्यांसारखे दिसले असते. तुझा एकच ठळक बँड पुढं गेलाय, म्हणजे सगळाच्या सगळा माल एकसारखा वागतोय. (याच हिशोबानं १०० अक्षरांचा ऑलिगो ९९ टक्क्यांनी फक्त ३७ टक्के पूर्ण उतरतो आणि ९९.५ टक्क्यांनी ६१, म्हणून लांब ऑलिगो एवढे महाग.) सोबत मास स्पेकचा (रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्राचा) कागद आला असेल, त्यावरचं वजन आधी बघ.

मग असं कर. थोडा ऑलिगो पोटॅशियम नसलेल्या, लिथियम क्लोराईडच्या बफरमध्ये ९५ अंशांवर पाच मिनिटं तापव आणि शेजारच्या लेनमध्ये चालव, जेल आणि टाकीचं बफर पण पोटॅशियमविना ठेव. लिथियम त्या चौकोनांना धरून ठेवत नाही. एक जेल ७ मोलर युरियाची लाव (युरिया गोळा उलगडून धागा सरळ करतो), त्यात तो १५ च्या जागी आला तर प्रश्नच मिटला. आणि कॉलेजात तापमान वाढवता येणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर सगळ्यात छान, क्वार्ट्झचा क्युव्हेट घे, एकदा पोटॅशियममध्ये आणि एकदा लिथियममध्ये, २० पासून ९० अंशांपर्यंत हळूहळू तापव आणि २६० बरोबर २९५ नॅनोमीटरवर पण वाच. साध्या डीएनएचं वितळणं २६० ला चढत जातं. क्वाड्रुप्लेक्सचं २९५ ला उतरत जातं, ती उतरणारी रेघ दिसली की ओळखायचं. तुझ्या क्रमाची ती पोटॅशियममध्ये ५० अंशांच्या आसपास दिसेल. गाइडना ते दोन ग्राफ एकत्र दाखव, बाकी काही बोलायची गरज पडणार नाही.

पुढं कधी तीन धाग्यांचं बघायचं असेल तर तेच यंत्र, २६० वरच. तिथं बहुतेक वेळा दोन चढ येतात, आधी कमी तापमानाला तिसरा धागा सुटतो आणि नंतर उरलेले दोन एकमेकांपासून. आणि हूगस्टीनचीच करामत आहे का अशी शंका असेल तर ७-डिआझा-ग्वानिन घातलेला ऑलिगो मिळतो, त्यात ७ नंबरच्या नायट्रोजनच्या जागी कार्बन असतो, कड धरायला जागाच उरत नाही. जी-सी भरलेले अवघड पट्टे पीसीआर करताना हाच उपाय वापरतात.

तिसरा धागा हवा त्या जीनवर बसवला तर तो जीन बंद करता येईल, म्हणजे औषधच झालं की. मग असं औषध अजून का नाही?
(फार्मसीची विद्यार्थिनी, मिरज)

ही आशा १९८७ ला जोरात सुरू झाली. अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये पीटर डर्व्हन आणि फ्रान्समध्ये क्लोद एलेन, दोघांच्या गटांनी त्याच वर्षी दाखवलं की छोटा सिंथेटिक धागा दोन धाग्यांच्या डीएनएवर नेमकी जागा शोधून बसतो. डर्व्हनच्या गटानं धाग्याच्या टोकाला लोह धरणारा गट लावला होता, तो जिथं बसला तिथंच डीएनए कापला गेला. मूळ धागे न उघडता क्रम वाचता येतो हे फार मोठं होतं.

अडचण आली ती सी ची. ए-टीच्या जोडीवर तिसरा टी सहज बसतो, पण जी-सीच्या जोडीवर तिसरा सी बसायचा तर त्याच्या ३ नंबरच्या नायट्रोजनवर एक जादा प्रोटॉन लागतो, कारण जी च्या त्या कडेला हायड्रोजन घेणाऱ्या दोनच जागा आहेत, देणारी एकही नाही, म्हणून देणारे दोन्ही हायड्रोजन सी कडूनच यावे लागतात. सी ला हा प्रोटॉन सहज चिकटतो पीएच साडेचारच्या आसपास, तिसऱ्या धाग्यात बसल्यावर थोडा वर चालतो, पण पेशीत पीएच असतो सात. म्हणजे नळीत पीएच साडेपाचला उत्तम बसलेला धागा पेशीत बसेलच असं नाही. त्यावर सी ला एक मेथिल गट लावून बघितला, साखरेला पूल बांधून ताठ केलेले एलएनए आले, १९९१ ला डेन्मार्कमध्ये पीटर नील्सन आणि सहकाऱ्यांनी पीएनए काढलं ज्याच्या कण्यात फॉस्फेटच नाही म्हणून ढकलणंही नाही. प्रत्येकानं थोडं थोडं पुढं नेलं.

दुसरा रस्ता म्हणजे तिसरा धागा जी आणि ए चा करायचा, त्याला प्रोटॉन लागत नाही. पण पेशीत पोटॅशियम भरपूर, मग असा जी वाला धागा जीनवर जायच्या आधीच कराडच्या मुलाच्या ऑलिगोसारखा स्वतःत गुंडाळून बसतो. वर सलग ए-जीचा पट्टा हव्या त्या जीनमध्ये हव्या त्या ठिकाणी असला पाहिजे, धागा पेशीत शिरून पार केंद्रकापर्यंत पोचला पाहिजे. तेवढ्यात साध्या जोडीवर चालणारी औषधं पुढं निघून गेली. ती डीएनएऐवजी आरएनएला धरतात, तिथं धागा एकेरीच असल्यानं वॉटसन-क्रिकची कड मोकळी मिळते. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीवरचं (स्नायू दुबळे होत जाणाऱ्या आजारावरचं) नुसिनर्सेन त्यातलंच, अमेरिकेत डिसेंबर २०१६ ला मान्यता मिळाली. डीएनए हव्या त्या जागी कापणारं क्रिस्पर तंत्र २०१२ ला आलं आणि बऱ्याच जणांनी तिसरा धागा सोडून तिकडं मोर्चा वळवला. मला स्वतःला वाटतं तिसऱ्या धाग्याचं काम अजून संपलेलं नाही, पीएनए वापरून जीनमधली चूक दुरुस्त करायचे प्रयोग प्राण्यांवर चालू आहेत, आणि तू फार्मसी करतेस तर सी चा हा प्रोटॉन तुझ्यासाठी चांगला विषय आहे.

आठ अक्षरांचा डीएनए बनवलाय म्हणे. चार निसर्गाचे आणि चार माणसाचे. हे बाहेर सुटलं तर?
(वाचक, वाई)

बनवलाय हे खरं. स्टीव्हन बेनर हे अमेरिकन रसायनतज्ज्ञ १९८० च्या दशकापासून यावर काम करत होते. त्यांचा विचार असा, की जोडी म्हणजे हायड्रोजन देणाऱ्या आणि घेणाऱ्या जागांचा नमुना, मग त्या जागांची अदलाबदल करून नव्या जोड्या का नाही करायच्या. आधी आयसो-जी आणि आयसो-सी आले, मग पी, झेड, बी, एस, आणि २०१९ ला आठही अक्षरं एका डीएनएत नीट बसतात हे दाखवलं, त्याला हाचिमोजी डीएनए म्हणतात. आयसोच्या जोडीचा उपयोग एचआयव्हीच्या रुग्णात विषाणू किती आहेत हे मोजायच्या एका टेस्टमध्ये कधीच झाला, कारण ती अक्षरं रक्तातल्या नैसर्गिक डीएनएशी चुकून जोडी लावत नाहीत आणि आकडा स्वच्छ येतो.

याहून नवलाचं काम फ्लॉइड रोम्सबर्ग यांचं. त्यांच्या जोडीत हायड्रोजन बॉण्डच नाहीत. दोन्ही बेस पाण्याला टाळणारे आणि आकार एकमेकांत चपखल बसणारा, एवढ्यावर डीएनए कॉपी करणारं एन्झाइम त्यांना जोडी मानतं. एरिक कूल यांनी १९९७ लाच टीच्या आकाराचा पण बॉण्ड जवळपास न करणारा नकली बेस बनवून दाखवलं होतं की एन्झाइम त्याच्यासमोर ए हेच अक्षर बसवतं, म्हणजे आकाराला फार किंमत आहे. २०१४ ला रोम्सबर्गनी ही जोडी जिवंत ई. कोलाय बॅक्टेरियात ठेवली.

आता तुमची काळजी. बॅक्टेरिया ही अक्षरं स्वतः बनवू शकत नाही, ती बाहेरून पाण्यात घालावी लागतात, आणि ती आत घ्यायला त्याला एका सूक्ष्म शैवालाचं वाहक प्रथिन मुद्दाम बसवावं लागलं होतं. खुराक थांबवला की पुढच्या पिढ्यांत ती जोडी गळून जाते आणि तिथं आपली नेहमीची जोडी येऊन बसते. बेनरच्या आठ अक्षरांचं तर अजून नळीतच आहे, जिवंत पेशीत नाही. वाईच्या घाटावर किंवा कृष्णेच्या पाण्यात ही अक्षरं कुणी कॅननं ओतत राहिलं तरच ते टिकेल, आणि ती बनवायचा खर्च बघता तसं कुणी करणार नाही.